पीआरयूच्या आकड्यावरून गोळी बदलू नका

प्रति,
महाराष्ट्रातील हृदयरोग विभागांचे प्रमुख, रुग्णालयांची व्यवस्थापने आणि पॅथॉलॉजी लॅबचे संचालक

विषय: अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या प्लेटलेट फंक्शन टेस्टवरून सरसकट ठरवणे थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

"पीआरयू २३४. क्लोपिडोग्रेल रेझिस्टन्स." एवढ्या एका ओळीचा रिपोर्ट रुग्णाच्या हातात पडतो. क्लोपिडोग्रेल ही स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी, आणि पीआरयू म्हणजे ती चालू असतानाही गुठळी करणाऱ्या प्लेटलेट पेशी किती सक्रिय आहेत ते सांगणारा टेस्टचा आकडा. घरचे विचारतात, "म्हणजे गोळी लागूच पडत नाही का? स्टेंट बंद पडणार का?" दुसऱ्या दिवशी क्लोपिडोग्रेल बंद होते आणि प्रासुग्रेल किंवा टिकॅग्रेलोर ही अधिक तीव्र गोळी सुरू होते. दोन महिन्यांनी तोच रुग्ण काळी शौचास होते (पोटातल्या रक्तस्रावाची खूण) म्हणून परत आला, तर त्या ओळीची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

हे पत्र त्या एका ओळीविषयी आहे. अँजिओप्लास्टीच्या पॅकेजमधून ही टेस्ट काढावी, मोजक्या प्रसंगीच करावी, आणि तिथे करताना सॅम्पल घेण्यापासून रिपोर्ट लिहिण्यापर्यंत नीट करावी, एवढी आमची विनंती आहे. त्यामागची कारणे तपशिलात देतो, कारण "गाइडलाइनमध्ये नाही" एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही आणि होऊही नये.

आधी टेस्ट काय मोजते ते पाहू. आपल्याकडे जास्त करून वापरल्या जाणाऱ्या व्हेरिफायनाऊ यंत्रात एक छोटे कार्ट्रिज असते. त्यात फायब्रिनोजेनचा लेप दिलेले बारीक मणी असतात. गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेले रक्त आत जाते, एडीपी हे रसायन प्लेटलेटला चेतवते, चेतलेल्या प्लेटलेट मण्यांना धरून गुठळ्या करतात आणि रक्तातून प्रकाश जास्त पार जाऊ लागतो. प्रकाश किती वेगाने वाढला त्यावरून पीआरयू हा आकडा निघतो. क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल आणि टिकॅग्रेलोर प्लेटलेटवरच्या ज्या पी२वाय१२ रिसेप्टरवर काम करतात, त्या एका वाटेची ही मोजणी आहे. या नळीत धमनीची भिंत नाही, रक्ताचा वेग नाही, स्टेंटची जाळी नाही. शरीरात थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे एन्झाइम गुठळी घट्ट करते, त्याचाही इथे भाग नाही. स्टेंट पुरता उघडलेला नसला, भिंतीला नीट चिकटलेला नसला, कडेला चीर गेली असली, तरी कार्ट्रिजला त्याचा पत्ता लागत नाही. आणि स्टेंट लवकर बंद पडण्यामागे हीच कारणे मोठ्या प्रमाणात असतात.

तरीही आकड्याचा आणि धोक्याचा संबंध आहे, हे आम्ही नाकारत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अडॅप्ट-डीईएस या अभ्यासात औषधी स्टेंट घातलेल्या ८,५८३ रुग्णांचा पीआरयू मोजला होता. २०८ पेक्षा जास्त पीआरयू असलेल्यांत स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका इतर घटक जमेस धरूनही सुमारे अडीच पट होता. "अडीच पट" ऐकले की रिपोर्ट भयंकर वाटतो. आता तोच अभ्यास माणसे मोजून पाहू. वर्षभरात स्टेंटमध्ये गुठळी झाली ती जास्त पीआरयूच्या गटात १.३ टक्के लोकांना आणि कमी पीआरयूच्या गटात ०.५ टक्के लोकांना. म्हणजे ज्या हजार जणांच्या रिपोर्टवर "रेझिस्टन्स" छापले जाईल, त्यांतल्या ९८७ जणांचा स्टेंट वर्षभर क्लोपिडोग्रेलवरच उघडा राहतो. ज्यांच्यावर तसे छापले जाणार नाही, त्या हजारांतही पाच जणांना गुठळी होतेच. त्या अभ्यासात ४२ टक्क्यांहून जास्त रुग्ण "जास्त पीआरयू" मध्ये मोडत होते. इतक्या लोकांना दोषी ठरवून त्यातल्या दर हजारी तेराच जणांना पकडणाऱ्या टेस्टवर एका माणसाचा निर्णय कसा घ्यायचा? शिवाय जास्त पीआरयू असलेल्यांना रक्तस्राव कमी झाला होता आणि मृत्यूंत दोन गटांत स्वतंत्र फरक दिसला नव्हता. पीआरयू खाली आणणे म्हणजे रुग्णाचे भले, हे गृहीतक त्याच अभ्यासातून ठाम निघत नाही.

ज्यांचा पीआरयू जास्त येतो ती माणसे कोण असतात, हेही पाहावे. मधुमेही, वयस्क, मूत्रपिंड कमजोर असलेले, हिमोग्लोबिन कमी असलेले. यांना हार्ट अटॅकचा धोका मुळातच जास्त. आकडा बऱ्याच अंशी त्या आजारपणाची खूण असू शकतो. खूण पुसली म्हणून आजारपण जात नाही. हे तपासायचा एकच मार्ग होता: आकडा पाहून औषध बदललेले रुग्ण आणि न बदललेले रुग्ण यांची चिठ्ठ्या टाकून तुलना करायची. ती झाली आहे, एकदा नव्हे तर अनेकदा.

२०११ सालच्या ग्रॅव्हिटास या अभ्यासात पीआरयू २३० किंवा जास्त असलेल्या २,२१४ रुग्णांपैकी निम्म्यांना क्लोपिडोग्रेल दुप्पट, म्हणजे रोज १५० मि.ग्रॅ., दिले. सहा महिन्यांनी हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा स्टेंट बंद पडणे या घटना दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस झाल्या. २०१२ सालच्या ट्रिगर-पीसीआयमध्ये जास्त पीआरयूवाल्यांना प्रासुग्रेल दिले. तिथे घटनाच इतक्या कमी घडत होत्या की ४२३ रुग्णांवर अभ्यास थांबवावा लागला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ३८ केंद्रांत झालेल्या आर्क्टिकमध्ये २,४४० रुग्ण होते. एका गटाची टेस्ट करून औषध जुळवून घेतले, दुसऱ्याची टेस्टच केली नाही. वर्षभरात घटना झाल्या टेस्टवाल्यांत ३४.६ टक्के आणि बिनटेस्टवाल्यांत ३१.१ टक्के. फायद्याचा मागमूस नाही.

यावर काही सहकाऱ्यांचे आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. क्लोपिडोग्रेल दुप्पट करणे हा दुबळा उपाय होता. ट्रिगरमधले रुग्ण स्थिर होते, धोका कमीच होता. आर्क्टिकमधल्या बहुतेक घटना अँजिओप्लास्टीच्या वेळच्या ट्रोपोनिनवाढीच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची रक्तातली खूण) होत्या, ज्या टेस्टने टळण्यासारख्या नव्हत्या. म्हणूनच आम्हाला २०१६ सालचा अंटार्क्टिक सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात ७५ वर्षे किंवा जास्त वयाचे, अटॅक येऊन स्टेंट घातलेले ८७७ रुग्ण होते. गुठळीचा धोका मोठा, रक्तस्रावाचाही मोठा. टेस्टने कोणाला फायदा व्हायचा तर यांनाच. सर्वांना प्रासुग्रेल ५ मि.ग्रॅ. सुरू केले. एका गटात चौदाव्या दिवशी टेस्ट करून पीआरयू जास्त असेल तर डोस वाढवला, फार कमी असेल तर क्लोपिडोग्रेलवर आणले. वर्षाअखेर गुठळी आणि रक्तस्राव मिळून घटना टेस्टच्या गटात २७.६ टक्के, दुसऱ्या गटात २७.८ टक्के. प्रभावी औषध आणि जास्त धोक्याचे रुग्ण असूनही फरक पडला नाही. कागदावर तर्क इतका चोख असूनही असे झाले, ही गोष्ट आपण सर्वांनी मनावर घ्यायला हवी.

एक अभ्यास मात्र वेगळा बोलतो. २०१७ सालच्या ट्रॉपिकल-एसीएसमध्ये टेस्टचा उपयोग औषध वाढवण्यासाठी नव्हे, उतरवण्यासाठी केला होता. एक आठवडा प्रासुग्रेल, एक आठवडा क्लोपिडोग्रेल, मग चौदाव्या दिवशी मल्टिप्लेट या दुसऱ्या यंत्रावर टेस्ट. आकडा ४६ युनिट किंवा जास्त आला तर पुन्हा प्रासुग्रेल. २,६१० रुग्णांत ही पद्धत नेहमीच्या पद्धतीपेक्षा वाईट ठरली नाही: ७.३ विरुद्ध ९ टक्के घटना. पण टेस्ट केलेल्यांतले ३९ टक्के लोक आकड्यामुळे परत प्रासुग्रेलवर गेले. ते परत जाणे गरजेचे होते का, याचे उत्तर या अभ्यासातून मिळत नाही, कारण टेस्ट न करता औषध उतरवलेला तिसरा गट त्यात नव्हता. फ्रान्समधल्या टॉपिक आणि कोरियातल्या टॅलोस-एएमआय या अभ्यासांत टेस्ट न करताच, पहिला महिना सुरळीत गेलेल्या रुग्णांना क्लोपिडोग्रेलवर आणले आणि रक्तस्राव स्पष्टपणे घटला. टॅलोस-एएमआयमध्ये २,६९७ रुग्ण होते. वर्षाअखेर एकत्रित घटना औषध उतरवलेल्यांत ४.६ आणि न उतरवलेल्यांत ८.२ टक्के. तेव्हा औषध उतरवायचे असेल तरी टेस्ट अनिवार्य आहे असे म्हणता येत नाही.

आता आकड्याच्या स्वभावाकडे वळतो, कारण रोजच्या कामात फसगत होते ती इथे.

ग्रॅव्हिटासमधल्या ज्या रुग्णांना साधा ७५ मि.ग्रॅ. डोसच चालू ठेवला होता, त्यांतल्या ६२ टक्क्यांचाच पीआरयू महिन्याने २३० च्या वर राहिला. म्हणजे तीसहून अधिक टक्के "रेझिस्टंट" रुग्ण काहीही न बदलता "रेझिस्टंट" राहिले नाहीत! पहिली टेस्ट अँजिओप्लास्टीनंतर १२ ते २४ तासांत झाली होती. त्या दिवशी शरीर ताणात असते, नव्याने सुरू केलेले औषध पुरते स्थिरावलेले नसते, आणि एका वेळी टोकाला गेलेला आकडा पुढच्या वेळी मधल्या भागाकडे सरकतोच. आपल्याकडे टेस्ट नेमकी याच वेळी, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी होते.

शिवाय कट-ऑफ, म्हणजे "जास्त" ठरवणारी रेषा, कोणती धरायची? ग्रॅव्हिटासने २३० धरला, आर्क्टिकने २३५, नंतर २०८ रूढ झाला. औषधाची एकही गोळी न घेतलेल्या निरोगी माणसांतही काहींचा पीआरयू २०८ च्या खाली असतो. अशा माणसाने उद्या क्लोपिडोग्रेल घेतले आणि आकडा १९० आला, तर गोळीने काम केले की नाही हे त्या एका मोजणीवरून सांगताच येणार नाही. यंत्र बदलले की गोष्ट आणखी बिघडते. व्हेरिफायनाऊचा २०८, मल्टिप्लेटचे ४६ युनिट आणि व्हास्प या तिसऱ्या पद्धतीच्या टेस्टचे ५० टक्के या तिन्ही रेषा "जास्त" म्हणून मान्य आहेत, पण एकाच रुग्णाचे रक्त तिन्हींवर घातले तर तीनही टेस्ट एकच उत्तर देतील असे नाही. एका शहरातल्या मल्टिप्लेटचा रिपोर्ट दुसऱ्या शहरातल्या व्हेरिफायनाऊच्या रिपोर्टशेजारी ठेवून "सुधारणा झाली" म्हणणे चूक आहे.

सॅम्पलविषयी लॅब संचालकांशी जरा सविस्तर बोलायचे आहे. ही टेस्ट जिवंत पेशींची आहे. क्रिएटिनिनचे सॅम्पल थोडे आडवेतिडवे घेतले तरी निभावते. इथे निभावत नाही. सुई २१ गेजची किंवा जाड हवी. २३ किंवा २५ गेजच्या बटरफ्लायने हळूहळू ओढलेल्या रक्तात प्लेटलेट नळीत पोचण्याआधीच चेतलेल्या असतात. टूर्निके (दंडाला बांधायची पट्टी) फार वेळ आवळून ठेवू नये. पहिले २ ते ४ मि.लि. रक्त दुसऱ्या नळीत काढून टाकावे, कारण सुई टोचताना सुटलेले पेशीरस त्यात येतात. त्यानंतरची नळी ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची आणि खुणेपर्यंत भरलेली हवी. अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त होते आणि आकडा बिघडतो. नळी हलक्या हाताने चार-पाच वेळा उलटीसुलटी करायची, हलवायची किंवा आपटायची नाही. फ्रिजमध्ये ठेवायची नाही. मजल्यामजल्यांवर सॅम्पल पाठवणाऱ्या न्यूमॅटिक ट्यूबमधून पाठवायची नाही. तिच्या धक्क्यांनी प्लेटलेट चेततात. हातात धरून न्यायची.

आणि वेळ. व्हेरिफायनाऊच्या पीआरयू टेस्टसाठी रक्त काढल्यापासून १० मिनिटे ते ४ तास. मल्टिप्लेटला हिरुडिनची (हेही रक्त गोठू देत नाही) वेगळी नळी लागते आणि अर्धा तास ते तीन तास ही मुदत. प्रकाशपारगमनाची जुनी ॲग्रेगोमेट्री, म्हणजे प्लेटलेटच्या गुठळ्या मोजण्याची पद्धत, जी १९६२ पासून वापरात आहे आणि आजही संदर्भ म्हणून धरली जाते, तिच्यात तर रक्त २०० जी वेगाने १० मिनिटे फिरवून प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा वेगळा करायचा, तो १५ मिनिटे स्थिर ठेवायचा, ३७ अंशांवर ढवळत टेस्ट करायची आणि सगळे चार तासांत संपवायचे. चरबीने दुधाळ झालेला प्लाझ्मा तिच्यात चालत नाही. हे हिशेब मांडले की एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी आठला घेतलेले, दुपारच्या एसटीने किंवा कुरिअरने पुण्या-मुंबईच्या मुख्य लॅबला संध्याकाळी पोचणारे सॅम्पल या टेस्टसाठी निरुपयोगी आहे. ते नाकारले पाहिजे. चालवून रिपोर्ट देणे हा रुग्णावर अन्याय आहे. व्हास्प टेस्टचे सॅम्पल दीड-दोन दिवस टिकते, पण तिला फ्लो सायटोमीटर हे पेशी तपासणारे खास यंत्र लागते.

हिमोग्लोबिनचा मुद्दा आपल्याकडे विशेष लागू आहे. पीआरयू टेस्ट हिमॅटोक्रिट (रक्तातले लाल पेशींचे प्रमाण) ३३ ते ५२ टक्के आणि प्लेटलेट काउंट १ लाख १९ हजार ते ५ लाख २ हजार या मर्यादेतच वापरायची असते. हिमॅटोक्रिट ३३ म्हणजे ढोबळमानाने हिमोग्लोबिन ११. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. ॲनिमियात पीआरयू खोटाच वर जातो. म्हणजे हिमोग्लोबिन ९.५ असलेल्या, आधीच रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्या बाईंना आकड्यावरून आपण आणखी तीव्र औषध देऊ शकतो. याहून उलटा उपचार कोणता? प्लेटलेट कमी असतील तर मल्टिप्लेटवर उलट घडते: आकडा खाली येतो आणि गोळी छान लागू पडल्याचा भास होतो. पावसाळ्यात डेंग्यू होऊन प्लेटलेट ४० हजारांवर आलेला स्टेंटचा रुग्ण दाखल होतो, तेव्हा गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हा अवघड प्रश्न असतो. तो काउंट, रक्तस्राव आणि स्टेंटला झालेले दिवस पाहून सोडवायचा असतो. त्या सॅम्पलवर फंक्शन टेस्ट करूच नये.

कॅथलॅबमध्ये एप्टिफिबॅटाइड किंवा टायरोफायबन दिले असेल तर ४८ तास पीआरयू निरर्थक आहे. ही औषधे गुठळीची शेवटची पायरीच अडवतात. मोठ्या अटॅकमध्ये पहिल्या दोन-चार तासांत केलेली टेस्टही फसवी. तेव्हा पोटाची हालचाल मंदावलेली असते, मॉर्फिन किंवा फेंटानिल दिले असेल तर आणखी मंदावते, आणि टिकॅग्रेलोरसारखी भरवशाची गोळीसुद्धा रक्तात उशिरा उतरते. तिथे "नॉन-रिस्पॉन्डर" कोणी नसतो, गोळी अजून पोटातच असते. तसेच टिकॅग्रेलोर बंद करून क्लोपिडोग्रेल सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट केली तर आकडा दोन्ही औषधांचा मिळून येतो. क्लोपिडोग्रेलचा स्वतःचा परिणाम पाहायचा असेल तर आठवडाभर थांबा. ट्रॉपिकलमध्ये नेमके तेवढेच थांबले होते.

ॲस्पिरिनच्या टेस्टविषयी थोडक्यात. "ॲस्पिरिन रेझिस्टन्स" हा शब्द रिपोर्टमधून कायमचा जावा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४०० निरोगी लोकांना ३२५ मि.ग्रॅ. ॲस्पिरिनचा एक डोस दिला. साध्या गोळीला सगळ्यांनी प्रतिसाद दिला. आतड्यात विरघळणाऱ्या कोटिंगच्या गोळीला मात्र त्या डोसनंतर बऱ्याच जणांत प्रतिसाद दिसला नाही, आणि पुन्हा पुन्हा डोस दिल्यावर खरा रेझिस्टन्स एकातही सापडला नाही. आपल्याकडे रोजची ॲस्पिरिन बहुतेक कोटिंगचीच असते. त्यातच गुडघेदुखीसाठी रुग्ण दुकानातून आयब्युप्रोफेन आणून ॲस्पिरिनच्या आधी घेतो, ती ॲस्पिरिनची जागा अडवते. ही चौकशी केली की टेस्टची गरज संपते.

आणि हीच चौकशी क्लोपिडोग्रेलबाबतही आधी व्हायला हवी. रुग्णाला गोळ्यांची पट्टी घेऊन यायला सांगा आणि रिकामे कप्पे मोजा. पैसे संपले म्हणून एक दिवसाआड घेतो, उपास होता म्हणून दोन दिवस घेतली नाही, दात काढायचा म्हणून दंतवैद्यांनी थांबवली आणि पुन्हा सुरू करायची राहिली, ही खरी कारणे असतात. ॲसिडिटीसाठी ओमेप्रॅझोल किंवा एसोमेप्रॅझोल चालू आहे का पाहा. क्लोपिडोग्रेल सक्रिय करणाऱ्या सीवायपी२सी१९ या एन्झाइमलाच ती अडवतात. पँटोप्रॅझोलवर आणा. आणि पॅकेजमध्ये पैसे उरत असतील तर अवघड ब्लॉकमध्ये स्टेंटच्या आत आयव्हस किंवा ओसीटीने (धमनीच्या आतून चित्र घेणाऱ्या तपासण्या) पाहण्यावर खर्च करा. स्टेंट नीट फुललेला आहे की नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

या एन्झाइमचा जीन काहींत दुबळा असतो आणि हे प्रमाण दक्षिण आशियाई लोकांत युरोपीय लोकांपेक्षा जास्त आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०१० साली क्लोपिडोग्रेलवर त्याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. जीन टेस्टचा एक फायदा नक्की: उत्तर आयुष्यभर तेच राहते, सॅम्पलच्या प्रवासाने बदलत नाही. पण तिच्यावरून सरसकट औषध ठरवल्याने घटना घटतात हे निर्विवाद सिद्ध नाही. २०२० सालच्या टेलर-पीसीआयमध्ये ४ विरुद्ध ५.९ टक्के असा फरक दिसला, तरी तो ठरवलेल्या कसोटीला उतरला नाही. तो विषय वेगळ्या पत्राचा आहे.

औषध बदलण्याची किंमत रुग्ण मोजतो. ज्याला पूर्वी पक्षाघात किंवा टीआयए (तात्पुरता पक्षाघात) झाला आहे त्याला प्रासुग्रेल देऊच नये. ७५ च्या पुढे वय किंवा ६० किलोच्या आत वजन असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि आपल्या वॉर्डात साठ किलोच्या आतले रुग्ण काही अपवाद नसतात. टिकॅग्रेलोर दिवसातून दोनदा घ्यावी लागते, धाप लागते म्हणून अनेक जण ती मध्येच सोडतात. कागदावर प्रभावी असलेली, पण सोडून दिलेली गोळी रोज घेतलेल्या क्लोपिडोग्रेलपेक्षा केव्हाही वाईट.

टेस्टचा उपयोग कुठे आहे? बायपास ऑपरेशनच्या आधी आहे. नियमाप्रमाणे टिकॅग्रेलोर किमान ३, क्लोपिडोग्रेल ५ आणि प्रासुग्रेल ७ दिवस थांबवतात. पण ज्याच्या प्लेटलेट लवकर सावरल्या त्याला उगाच थांबवून ठेवायचे नसते. २०१२ साली १८० रुग्णांवर झालेल्या टार्गेट-सीएबीजीमध्ये क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांची टेस्ट करून ऑपरेशनची वेळ ठरवली, तर थांबण्याचा काळ सुमारे निम्म्यावर आला आणि रक्तस्राव वाढला नाही. लेफ्ट मेनचा (हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीचा) ब्लॉक घेऊन वॉर्डात पडलेल्या रुग्णाला हे वाचलेले दिवस मोलाचे असतात. दुसरा प्रसंग, गोळ्या नेमाने घेत असताना स्टेंट बंद पडला असेल तेव्हा; पण तिथेही आधी इमेजिंग, मग टेस्ट. तिसरा, मेंदूतल्या धमनीत फ्लो डायव्हर्टर (रक्तप्रवाह वळवणारी जाळीदार नळी) घालण्याआधी. तिथले कट-ऑफ निरीक्षणांवरून आलेले आहेत, तरी चूक झाली तर परिणाम इतका गंभीर की त्या डॉक्टरांचा आग्रह समजू शकतो. मात्र मेंदूत रक्तस्राव झालेल्या, ॲस्पिरिनवर असलेल्या रुग्णाचा आकडा पाहून प्लेटलेटच्या पिशव्या चढवू नका. २०१६ सालच्या पॅच अभ्यासात ज्या रुग्णांचे ऑपरेशन ठरलेले नव्हते, अशा १९० जणांत प्लेटलेट चढवलेल्यांची अवस्था तीन महिन्यांनी अधिक वाईट होती.

लॅबकडून आम्हाला रिपोर्टमध्ये हवे आहे ते असे: यंत्राचे नाव आणि एकक, रुग्ण घेत असलेले औषध व डोस, शेवटची गोळी कधी घेतली, रक्त काढल्याची आणि टेस्ट केल्याची वेळ, त्याच सॅम्पलचे हिमॅटोक्रिट आणि प्लेटलेट काउंट, गेल्या ४८ तासांत एप्टिफिबॅटाइड किंवा टायरोफायबन दिले होते का. ही माहिती फॉर्मवर नसेल तर सॅम्पल घेऊ नये. मर्यादेबाहेरच्या सॅम्पलवर आकडा न छापता "टेस्ट वैध नाही" एवढेच लिहावे. "रेझिस्टन्स", "नॉन-रिस्पॉन्डर" हे शब्द काढून "औषध चालू असताना प्लेटलेटची सक्रियता जास्त" असे लिहावे, आणि खाली एक ओळ: "केवळ या आकड्यावरून औषध बदलू नये."

व्यवस्थापनांकडून पॅकेजमधली सरसकट टेस्ट काढण्याचा निर्णय हवा आहे. विभागप्रमुखांना एक काम सांगतो: गेल्या तीन महिन्यांत आपल्या विभागात झालेल्या या टेस्टचे कागद काढा. किती जणांचा हिमॅटोक्रिट ३३ च्या खाली होता, किती सॅम्पल चार तासांच्या पुढे गेली होती, किती टेस्ट अँजिओप्लास्टीच्या दुसऱ्याच दिवशी झाल्या, आणि त्यांतल्या किती जणांची गोळी बदलली, एवढे चार आकडे मोजा. रेसिडेंट डॉक्टर आणि लॅबमधला एक तंत्रज्ञ मिळून दोन दुपारींत हे काम होईल. ज्यांची गोळी अशा सदोष रिपोर्टवरून बदलली असेल, त्यांना पुढच्या तपासणीला बोलावून वय, वजन, हिमोग्लोबिन आणि स्टेंटला झालेले महिने पाहून औषधाचा पुन्हा विचार करा. फोनवर गोळी थांबवायला सांगू नका. समोर बसवून, पट्टी हातात घेऊन सांगा.

आपले,
हृदयरोग, प्रयोगशाळा वैद्यक आणि औषधशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे डॉक्टर व तंत्रज्ञ